🌽 लष्करी अळीच्या नावातलं 'फॉल' म्हणजे काय?

मक्यावरच्या लष्करी अळीला इंग्रजीत 'फॉल आर्मीवर्म' म्हणतात. हे 'फॉल' म्हणजे पडणं नव्हे. अमेरिकेत पानगळीच्या ऋतूला फॉल म्हणतात. तिकडे उत्तरेच्या थंडीत ही कीड जगत नाही. फ्लोरिडा, टेक्सासच्या उबदार भागात ती हिवाळा काढते. मग दरवर्षी पतंग उडत उत्तरेला जातात. पोहोचेपर्यंत उन्हाळा संपत येतो, म्हणून हे नाव. एका शेतातलं खाणं संपलं की अळ्या झुंडीनं पुढच्या शेतात चालत जातात, म्हणून 'आर्मी', म्हणजे लष्कर.

*पण नावावर जाऊ नका.* भारतात ही कीड २०१८ मध्ये आढळली. आपल्याकडे तिला मारणारी थंडी पडत नाही. मका उभा असेल तर खरीप, रब्बी, उन्हाळी, कधीही येते. लष्कर दिसायची वाटही बघू नका. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे पोंग्यात बहुधा एकच सापडते.

*ओळख:* डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय', शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके.

*काय करावं:*
✅ उगवणीपासून आठवड्यातून दोनदा पोंगे तपासा.
✅ पानावर अंडीपुंज दिसले की चिरडून टाका.
✅ एकरी ५ कामगंध सापळे लावा.
✅ रोपं लहान असताना १०० पैकी ५ झाडांवर नुकसान दिसलं की ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा फवारा.

शंका वाटली तर पोंग्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका. 🙏