बालभाषा : पालकांची निरीक्षणे

जन्मापासून साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांपर्यंतच्या काळात मूल आपल्या मातृभाषेचे ध्वनी, शब्द व व्याकरण क्रमाक्रमाने आत्मसात करते. या काळातील त्याच्या बोलण्यास बालभाषा असे म्हणतात. ‘बोबडे बोल’ हा रूढ शब्दप्रयोग केवळ उच्चारापुरता असून बालभाषेची व्याप्ती त्याहून बरीच मोठी आहे. या विषयाचे वैशिष्ट्य असे, की त्याची पायाभरणी प्रयोगशाळेत न होता घरात झाली. स्वतःच्या मुलाच्या पाळण्याशेजारी वही घेऊन बसलेल्या आईबापांनी लिहिलेल्या दैनंदिन्या हीच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या अभ्यासाची मुख्य साधनसामग्री होती.

मुलास कोणी काही शिकविले नाही तर ते कोणती भाषा बोलेल, हा प्रश्न फार जुना आहे. ईजिप्तच्या सामेतिकस राजाने दोन अर्भके मेंढपाळाकडे ठेवून त्यांच्याशी कोणी अवाक्षरही बोलू नये अशी आज्ञा केल्याची कथा हीरॉडोटसने सांगितली आहे. मुलाशी बोलणे बंद करून नव्हे, तर ते चालू असताना लक्षपूर्वक ऐकून काही कळू शकते, ही दृष्टी मात्र अठराव्या शतकाअखेरची आहे. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडेमान (१७४८–१८०३) यांनी १७८१ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाविषयीची टिपणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. ही या प्रकारची पहिली पद्धतशीर नोंद मानली जाते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १८७६-७७ चा होय. फ्रेंच विचारवंत ईपोलीत तेन (१८२८–९३) यांनी आपल्या मुलीच्या भाषेवर एक लेख लिहिला. तिचा ‘तेम’ हा स्वनिर्मित शब्द घरात कोणीच वापरत नव्हते. ‘दे’, ‘घे’, ‘हे पाहा’ असे त्याचे अनेक अर्थ होत. या लेखाचा इंग्रजी अनुवाद वाचून चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांना सदतीस वर्षांपूर्वीची आपली वही आठवली आणि त्यांनी ज्येष्ठ पुत्राविषयीची टिपणे त्याच वर्षी प्रसिद्ध केली. हा मुलगा साडेपाच महिन्यांचा असताना ‘दा’ असा निरर्थक ध्वनी काढी. सात महिन्यांचा होताच दाईचे नाव उच्चारले की मान वळवून तिला शोधू लागला. बरोबर एक वर्षाचा असताना त्याने अन्नासाठी ‘मम्’ हा शब्द योजला. पुढे साखरेसाठी ‘शु-मम्’ व ‘काळा’ हा शब्द शिकल्यावर ज्येष्ठमधाच्या काळ्या वडीसाठी ‘काळा-शु-मम्’ अशी त्याने रचना केली. ज्ञात घटकांपासून अज्ञात वस्तूचे नाव घडविण्याची ही क्रिया म्हणजे समासच होय, आणि ती व्याकरणाचा गंधही नसलेल्या मुलाने केली होती.

डार्विन यांचा ‘मम्’ वाचताना मराठी वाचकास ‘मम्मं’ आठवल्याशिवाय राहत नाही. हे साम्य योगायोगाचे नाही. स्तनपान करताना ओठ मिटलेले असतात, त्या स्थितीत नाकावाटे जो हुंकार निघतो तो अनुनासिक ओष्ठ्य असतो आणि पुढे अन्नाच्या किंवा आईच्या मागणीशी जोडला जातो, असे स्पष्टीकरण रोमान याकॉबसन (१८९६–१९८२) यांनी १९६० मध्ये दिले. परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, भुर्र, जोजो, बाऊ, टाटा हे शब्द मूल निर्माण करीत नाही. ते मोठ्यांनी मुलासाठी राखून ठेवलेले, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द आहेत. मोठ्यांच्या या लाडिक बोलीचे मराठीतील स्वरूप भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांनी १९६४ मध्ये एका निबंधात वर्णन केले. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील अशा बोलींची तुलना केली, त्यांत मराठीचा अंतर्भाव होता. अक्षरांची द्विरुक्ती, जोडाक्षरांचा अभाव आणि सोपे ओष्ठ्य व दंत्य ध्वनी ही लक्षणे एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांतूनही आढळतात. तेव्हा वहीत ‘भुर्र’ लिहिताना तो शब्द मुलाचा की आजीचा, हे आधी ठरवावे लागते.

व्हिल्हेल्म प्रायर (१८४१–९७) या शरीरक्रियावैज्ञानिकांनी आपल्या मुलाचे पहिली तीन वर्षे दररोज किमान तीनदा निरीक्षण करून १८८२ मध्ये बालमनावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लारा व विल्यम स्टर्न (१८७१–१९३८) या दांपत्याने १९०० पासून हिल्ड, ग्यून्टर व एव्हा या तिन्ही अपत्यांच्या दैनंदिन्या ठेवल्या व त्यांच्या आधारे १९०७ मध्ये बालभाषेवरील आपला ग्रंथ लिहिला. यांतील बहुतेक नोंदी क्लारा यांच्या हातच्या आहेत. या विषयाच्या इतिहासात नावे बापांची व पहारा आयांचा, असा प्रकार वारंवार घडला असावा. स्टर्न यांच्या ग्रंथावर पत्नीचे नाव आले, हे त्या काळी अपवादात्मकच म्हटले पाहिजे.

दैनंदिनीच्या पद्धतीतील मुख्य धोका कानांचा नसून आशेचा आहे. प्रस्तुत लेखकाने आपल्या मुलीच्या वहीत नवव्या महिन्यात ‘आई’ हा पहिला शब्द मोठ्या हौसेने टिपला होता. पुढील पंधरवड्यात तीच ध्वनिमाला दिव्याकडे, आजोबांकडे आणि कडेवर घेण्याच्या मागणीसाठीही ऐकू आल्याने ती नोंद खोडावी लागली. एखादा ध्वनी शब्द ठरण्यासाठी तो एकाच प्रकारच्या प्रसंगी पुनःपुन्हा यावा लागतो व आईबापांखेरीज दुसऱ्यालाही तो ओळखता यावा लागतो. म्हणून काळजीपूर्वक ठेवलेल्या वहीत केवळ शब्द नसतो. वय (‘१;६’ म्हणजे एक वर्ष सहा महिने), प्रत्यक्ष उच्चार, प्रसंग, त्याआधी मोठ्यांनी काय म्हटले आणि मुलाची नजर वा बोट कोठे होते, हे सर्व तीत येते. याशिवाय नेहमीचे सोडून नवलाचे तेवढे टिपण्याकडे मनाचा कल असतो, आणि दैनंदिनी लिहिणारे बहुधा सुशिक्षित असल्याने त्यांची मुले सर्व मुलांचे प्रतिनिधित्व करीत नाहीत.

असे असूनही पालकाच्या वहीतून जे हाती लागते ते परक्या निरीक्षकास क्वचितच मिळते. व्हेर्नर लेओपोल्ड (१८९६–१९८४) यांनी अमेरिकेत इंग्रजी व जर्मन अशा दोन भाषांत वाढणाऱ्या हिल्डेगार्ड या आपल्या मुलीचा अभ्यास १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केला. दहाव्या महिन्यात ‘प्रिटी’ हा शब्द ती जोडाक्षरासह जवळजवळ बिनचूक उच्चारी. पुढे मात्र ती ‘बिदी’ असा सोपा उच्चार करू लागली. वरवर पाहता ही पीछेहाट आहे. वस्तुतः आरंभी तिने तो शब्द एक अखंड सूर म्हणून उचलला होता. नंतर तिची स्वतःची ध्वनिव्यवस्था उभी राहिल्यावर त्या शब्दाला तीत बसावे लागले. नील स्मिथ यांचा मुलगा (ग्रंथ १९७३) ‘पझल’ या शब्दाचा उच्चार ‘पडल’ असा करी, परंतु ‘पडल’ (डबके) या शब्दाचा उच्चार ‘पगल’ असा करी. म्हणजे ‘पडल’ हा उच्चार त्याला अशक्य नव्हता. चूक जिभेची नसून नियमाची होती. मराठी मुले ‘काका’ऐवजी ‘ताता’, ‘पुस्तक’ऐवजी ‘पुत्तक’ म्हणतात, ‘र’ व ‘ळ’ यांच्या जागी ‘ल’ आणतात, त्यांतही असाच नियमितपणा असतो. ‘लाम’ म्हणणाऱ्या मुलास मोठ्यांनी ‘लाम’ म्हणून चिडविल्यास ते रागावते व ‘लाम नाही, लाम!’ असे बजावते. त्याच्या कानाला ‘राम’ ठाऊक असतो. जीन बर्को व रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये इंग्रजी मुलाच्या बाबतीत नेमका हाच प्रकार नोंदविला.

कानाची ही आघाडी शब्दांच्या फार आधी सुरू होते. नवजात अर्भक परक्या स्त्रीपेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते, हे १९८० मधील प्रयोगांनी दाखविले. जेनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांचा भेद तपासला. इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो ऐकू येतो, पण वर्षाच्या सुमारास बहुतेकांना येईनासा होतो. हिंदीभाषक मुलांत तो टिकून राहतो. मराठीतही हाच भेद असल्याने आपल्या मुलांच्या बाबतीत तो असाच टिकत असणार, हे अनुमान सयुक्तिक आहे. भाषा शिकणे म्हणजे काही अंशी नको ते भेद विसरणेही होय.

सर्वसाधारण क्रम असा : दोन-तीन महिन्यांच्या सुमारास हुंकार व स्वर, सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट अक्षरांची बडबड, वर्षाच्या आगेमागे पहिला शब्द, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्दांची जोडणी. मायकेल हॅलिडे (१९२५–२०१८) यांनी आपल्या मुलाविषयीच्या १९७५ च्या ग्रंथात दाखविले, की पहिल्या शब्दाआधीही नवव्या महिन्यापासून मुलाजवळ मागणे, हुकूम करणे, जवळीक साधणे यांसाठी ठराविक ध्वनी असतात. त्यांना त्यांनी आद्यभाषा मानले. वयाच्या या मर्यादांत व्यक्तिपरत्वे फार मोठा फरक पडतो आणि शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरून जाण्याचे कारण नसते.

मराठी मुलाच्या व्याकरणात लक्ष देण्याजोगे बरेच आहे. मुलांच्या नकारात वस्तूचा अभाव, अस्वीकार व अमान्यता असे तीन अर्थ असतात, हे लोइस ब्लूम यांनी १९७० मध्ये इंग्रजीभाषक मुलांवरून दाखविले. तेथे ते अर्थ प्रसंगावरून ताडावे लागतात; मराठीत अस्वीकारासाठी ‘नको’ हा स्वतंत्र शब्द असल्याने ‘दूध नको’ व ‘दूध नाही’ हा भेद पालकाच्या वहीत आपोआप उतरतो. ‘केला’ऐवजी ‘करला’, ‘मेला’ऐवजी ‘मरला’, ‘आला’ऐवजी ‘येला’ ही रूपे मोठ्यांच्या तोंडी सहसा नसतात, म्हणजे ती अनुकरणाने आलेली नाहीत. ‘मारला’, ‘बसला’ यांवरून मुलाने स्वतःच नियम काढल्याचा तो पुरावा आहे. बरेचदा मूल आधी ‘केला’ बरोबर म्हणते व नंतर ‘करला’कडे वळते, ‘बिदी’ची कथा येथे पुन्हा घडते. बहुतांश वेळ आईजवळ असलेला मुलगा ‘मी जाते’, ‘मी खाते’ असे बोलतो, याचे घरोघर कौतुक व थट्टा होते. प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, हे त्याला ऐकलेल्या वाक्यांवरून कळावयाचे असते, आणि ती वाक्ये तर आईची असतात.

अशा चुका सुधारल्या जातात का? रॉजर ब्राउन व कॅमिल हॅनलन यांना १९७० मध्ये आढळले, की आईबाप व्याकरणापेक्षा सत्यासत्याकडे लक्ष देतात. कुत्र्याला पाहून मूल ‘माऊ आली’ म्हणाले, तर ‘माऊ नाही, भूभू’ अशी दुरुस्ती होते. पण ‘भूभू येला’ यावर ‘हो, आला हो भूभू’ असे सहज उत्तर मिळते. त्या उत्तरात योग्य रूप असते, मात्र चुकल्याची सूचना नसते. भाषा केवळ अनुकरण व बक्षीस यांनी येत नाही, हे यावरून उघड आहे. ती कितपत उपजत असते, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. मायकेल टोमासेलो यांनी १९९२ मध्ये आपल्या मुलीच्या क्रियापदांच्या नोंदींवरून असे मत मांडले, की आरंभीचे व्याकरण एकेका क्रियापदाभोवती सुटेसुटे वाढते. ते हळूहळू जोडले जाऊन सर्वसामान्य नियम बनतात.

घरात दोन भाषा असल्यास मूल गोंधळते, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. तिला छेद देणारी पहिली सविस्तर नोंदही एका बापाचीच आहे. झ्यूल राँझा (१८६४–१९२५) यांच्या घरी बाप फ्रेंच व आई जर्मन बोले आणि प्रत्येकाने आपलीच भाषा वापरण्याचा नियम होता. मुलगा दोन्ही भाषा सहज शिकल्याचे त्यांनी १९१३ मध्ये दाखविले. आरंभी दोन भाषांचे शब्द मिसळतात, ते दोषाचे लक्षण नव्हे. महाराष्ट्राच्या सीमाभागांत आणि मुंबई-पुण्याच्या मिश्र वस्त्यांत हे रोजच घडते. मुलाच्या भल्यासाठी म्हणून आजीची अहिराणी किंवा कोंकणी बंद करणाऱ्या घरांनी आपण नेमके काय मिळविले, हे तपासून पाहावे.

ध्वनिमुद्रणाच्या सोयीनंतर वहीचे स्थान बदलले. ब्रायन मॅकव्हिनी व कॅथरिन स्नो यांनी १९८४ मध्ये मुलांच्या संभाषणांचा सामायिक संग्रह सुरू केला. २००५ नंतर अमेरिकेत डेब रॉय यांनी आपल्या घरात ११ कॅमेरे व १४ ध्वनिग्राहक बसवून मुलाची पहिली तीन वर्षे टिपली. तरीही १९९३ पासून प्रचलित झालेल्या शब्दसूचीच्या चाचण्या पालकांच्याच माहितीवर आधारलेल्या आहेत, कारण मुलाचा शब्दसंग्रह त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो.

या नोंदींचा एक व्यावहारिक उपयोग आहे. जन्मतः बहिरे असलेले मूलही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते व आवाज काढते, त्यामुळे घरातील मंडळी निश्चिंत राहतात. स्पष्ट अक्षरांची बडबड मात्र त्याच्यात उशिरा येते किंवा येतच नाही, असे किम्ब्रो ऑलर व रेबेका आयलर्स यांनी १९८८ मध्ये दाखविले. दहा महिने उलटूनही ‘बाबाबा’सारखी बडबड नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर मूल वळत नसेल, शिकलेले शब्द एकाएकी नाहीसे होत असतील किंवा दीड वर्षानंतरही एकही शब्द नसेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ या समाधानावर न विसंबता प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. नवजात अर्भकाच्या बाबतीतही ही चाचणी होऊ शकते व तीत मुलास काही त्रास होत नाही. तज्ज्ञाकडे जाताना तारखांसह ठेवलेली वही बरोबर न्यावी.