पुण्याचे पत्र, वरोऱ्याचे उत्तर

पुण्याच्या शिक्षण आयुक्तालयातून निघालेले एखादे पत्र नागपूरच्या विभागीय उपसंचालकांकडे, तेथून चंद्रपूरच्या जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकाऱ्यांकडे, त्यांच्याकडून वरोरा पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, पुढे विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांच्या हातून टेमुर्डा-शेगावच्या बाजूच्या एखाद्या दोन-शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे पोचते, तेव्हा त्याने सातशेहून अधिक किलोमीटरांची मजल मारलेली असते. आणि पूर्वी टपालाला ज्या प्रवासासाठी पंधरवडा लागे, तो आता व्हॉट्सॲपच्या कृपेने एका दुपारीच आटोपतो. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी मूळ मजकुरावर एक नवे आवरणपत्र चढते, प्रत्येक आवरणपत्र मुदत एकदोन दिवसांनी अलीकडे ओढते, आणि आयुक्तांनी दिलेली आठ दिवसांची सवलत मुख्याध्यापकापर्यंत येताना ‘आज सायंकाळी पाचपर्यंत’ अशी होऊन बसते. ‘विहित नमुन्यात’ माहिती भरायची, माहिती नसेल तर ‘निरंक’ लिहायचे. पण नमुन्यात जागाच नसलेली एखादी गोष्ट सांगायची असेल, तर तिला रकाना नसतो.

राज्याच्या शिक्षणप्रमुखाने, मग तो संचालक असो, आयुक्त असो वा सचिव, जिल्ह्यांना मार्गदर्शन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मंत्रालयातल्यापेक्षा वरोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून अधिक स्पष्ट दिसतो. एका बाजूला वर्धा नदीकाठची कापूस-सोयाबीनची काळी जमीन, दुसऱ्या बाजूला चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दाट होत जाणारे आणि ताडोब्याला जाऊन मिळणारे रान, मध्ये कोळशाच्या खाणी आणि गावाला लागूनच बाबा आमट्यांचे आनंदवन, असा हा तालुका आहे. येथून राज्याकडे पाहणाऱ्याला एवढे तरी निश्चित कळते, की ज्या पत्राला खालून उत्तर देण्याची सोय नाही, त्या पत्राला मार्गदर्शन म्हणणे धाडसाचे आहे.

ही व्यवस्था मुळात उत्तरासाठी उभारलेलीच नव्हती. १८५४च्या वुड यांच्या खलित्याने प्रांतोप्रांती शिक्षणखाती निर्माण करण्याचा हुकूम झाला, १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या शाळा त्या प्रांताच्या शिक्षणखात्याच्या नजरेखाली आल्या. तपासनीस साहेबाचा दौरा, हजेरीपटाची तपासणी, शेऱ्याच्या वहीतील चार ओळी आणि त्या ओळींवर अवलंबून असणारे अनुदान, असा तो खाक्या होता. गंमत अशी, की वुड यांच्या खलित्याआधी सतरा वर्षे, १८३७ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचा चिटणीस म्हणून होरेस मान यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांना कोणत्याही शाळेला हुकूम सोडण्याचा अधिकार जवळजवळ नव्हताच. गावोगाव हिंडावे, शाळा पाहाव्यात, पाहिलेले लिहून लोकांपुढे ठेवावे, एवढेच त्यांचे साधन. आणि त्या एका साधनावर त्यांनी बारा वार्षिक अहवाल लिहून त्या राज्याचे शालेय जीवन बदलून टाकले. आमच्या संचालकांना पहिल्या दिवसापासून हुकमाचा अधिकार मिळाला, म्हणूनच कदाचित समजावून सांगण्याची कला त्यांना फारशी शिकावी लागली नाही.

या भागाच्या वाट्याला मात्र मधल्या काळात दोन प्रयोग आले, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना ते सहसा ठाऊक नसतात म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबतो. पहिला विद्यामंदिर योजनेचा. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, शिक्षण रविशंकर शुक्लांकडे गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून झाकिर हुसेन समिती व पुढे ‘नयी तालीम’ निघाली. शुक्लांची कल्पना अशी, की ज्या खेड्यात शाळा नाही तेथे कोणी दात्याने वर्षाकाठी सुमारे दोनशे रुपये उत्पन्नाची जमीन द्यावी, त्या उत्पन्नावर गुरुजींचा निर्वाह व्हावा, आणि शाळा गावाची व्हावी. योजनेच्या नावावरून मुस्लिम समाजात नाराजी उसळली, दोन वर्षांत मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला, आणि योजना विरून गेली. जमिनीच्या उत्पन्नावर शिक्षकाचे पोट बांधणे हेच मुळात अव्यवहारी होते, हेही कबूल केले पाहिजे. तरीपण शाळेचा खर्च आणि शाळेवरचा हक्क या दोन गोष्टी एकाच गावात ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

दुसरा प्रयोग अधिक व्यापक आणि आज पूर्ण विस्मृतीत गेलेला. १९४८ साली द्वारकाप्रसाद मिश्रांच्या पुढाकाराने मध्यप्रांतात जनपद योजना आली. जिल्हा कौन्सिले बरखास्त झाली आणि प्रत्येक तहसील हे एक जनपद ठरले. अर्थात वरोरा तहसिलीची, जीत त्या काळी आजचा भद्रावती तालुकाही मोडत असे, स्वतःची जनपद सभा झाली आणि तहसिलीतल्या प्राथमिक शाळांचा कारभार तिच्याकडे आला. शाळा कोठे काढावी, शिक्षक कोठे पाठवावा, कोणत्या नाल्यापलीकडच्या वस्तीला पावसाळ्यात तोडगा काय, हे ठरवणारी माणसे तो नाला ओलांडणारीच असत. जनपद सभांच्या गाठीशी पैसा बेताचाच होता, गटबाजी भरपूर होती, आणि बदल्यांच्या मामल्यात गावकीचे राजकारण शिरे, अशा तक्रारी तेव्हाही होत्या. पण १९५६ साली विदर्भ द्वैभाषिकात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या, तेव्हा वरोऱ्याच्या शाळेविषयीचा निर्णय वरोऱ्याहून उठून पन्नासएक किलोमीटरांवरच्या चांद्याला गेला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचे कौतुक करताना इतर भागांतले लोक म्हणतात की सत्ता मुंबईहून खाली आली. आमच्याकडे ती तहसिलीतून वर गेली, हे इतिहासकारांनी कोठेतरी नमूद करून ठेवायला हरकत नाही.

जिल्हा परिषदेने शाळा मात्र गावोगाव नेल्या, हे ऋण नाकारता येणार नाही. पटसंख्या वाढली, मुली शाळेत आल्या, १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीचे पुस्तक सिरोंच्यापर्यंत पोचले. त्याच सुमारास कोठारी आयोगाने आपला अहवाल दिला (१९६४–६६), आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. त्या अहवालातील एक सूचना येथे प्रस्तुत आहे. एका माध्यमिक शाळेभोवती जवळपासच्या प्राथमिक शाळा गुंफून एक शाळा-संकुल करावे, त्यांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय, अनुभवी शिक्षक यांचा परस्परांना लाभ द्यावा, आणि शिक्षणखात्याने प्रत्येक शाळेवर डोळे वटारण्याऐवजी त्या संकुलाला काही स्वातंत्र्य द्यावे, असा तिचा आशय. नाईकांचा भर लहान शाळा जिवंत ठेवण्यावर होता. महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले, साधारण दहा शाळांमागे एक, ते याच विचाराच्या वंशातले. केंद्रप्रमुखाने शाळेत बसावे, पाठ पाहावा, नवख्या शिक्षकाला हात द्यावा, ही अपेक्षा. प्रत्यक्षात पुष्कळ पदे रिक्त, कारभार प्रभारी शिक्षकांकडे, आणि जो कोणी त्या खुर्चीवर आहे तो दिवसाचा मोठा भाग मोबाइलच्या पडद्यावर ‘कोणत्या शाळेची माहिती अप्राप्त’ ही यादी पुसत-भरत असतो. मार्गदर्शकाचा कारकून झाला, आणि तो कोणी दुष्टाव्याने केला नाही. वरून येणाऱ्या प्रत्येक पत्राने आपापला वाटा उचलला.

माहितीची ही भूक एकदम अनाठायी होती असेही नाही. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरचा पट आणि बाकावरची मुले यांतील तफावत पाहून सरकार हादरले. शिक्षणप्रमुखाला खोटे पट शोधता आले पाहिजेत, यात वाद नाही. परंतु त्या प्रसंगापासून खात्याच्या मनात पटसंख्या हेच शाळेचे मूल्य ठरले, आणि संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदे मंजूर करणाऱ्या, तक्त्यात वीसचा आकडा लक्ष्मणरेषेसारखा उमटला.

त्या रेषेचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे सप्टेंबर २०२३मधील समूह शाळांचे पत्र. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात, त्यांतील मुले पावणेदोन लाखांहून अधिक. अशा शाळांच्या जागी मध्यवर्ती ठिकाणी एक सुसज्ज समूह शाळा उभी करावी, मुलांना वाहनाने तेथे आणावे, पुणे जिल्ह्यात पानशेतला आणि नंदुरबारमध्ये तोरणमाळला हे झाले आहे, तेव्हा जिल्ह्यांनी आपापले प्रस्ताव मध्य ऑक्टोबरपर्यंत धाडावेत, असा शिक्षण आयुक्तांच्या पत्राचा रोख. हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. तीन मुलांच्या वर्गात वादविवाद होत नाही, कबड्डीचा संघ होत नाही, आणि एकटा शिक्षक चार इयत्ता सांभाळताना कोणालाच पुरा पडत नाही, हे सत्य आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांचा पट तिसाच्या आत असल्याचे नोंदवून शाळा-संकुलाचा उपाय पुन्हा सुचवला आहे. मात्र शाळा एकत्र करताना मुलांच्या पोचण्याला बाध येऊ नये, अशी अटही तेथेच आहे. नाईकांच्या कल्पनेतले संकुल लहान शाळेकडे साहित्य आणि शिक्षक नेत होते. नव्या पत्रातले लहान मुलालाच उचलून मोठ्या शाळेकडे नेते.

आता हा प्रस्ताव वरोऱ्याच्या, किंवा शेजारच्या चिमूर-भद्रावतीच्या जंगलकाठच्या गावात नेऊन पाहा. तक्त्यात ‘नजीकच्या शाळेचे अंतर’ असा रकाना असतो आणि त्यात ‘२.५ कि.मी.’ असा आकडा भरला जातो. तो आकडा खरा असतो. त्या अडीच किलोमीटरांत एक नाला आहे, त्यावरचा रपटा श्रावणात पाण्याखाली असतो. पुढे सागाचे रान आहे, तेथे ताडोब्याच्या बफरमधले वाघ येतात-जातात, आणि तेंदूपाने-मोहफुलांच्या दिवसांत माणसे मारली जाण्याच्या बातम्या या जिल्ह्याला नव्या नाहीत. अशा वाटेने मुले जातात ती मोठ्या माणसाच्या संगतीने, घोळक्याने, गलका करीत. मोठ्या माणसाची त्या दिवशीची मजुरी बुडते. धानाची रोवणी किंवा कापसाची वेचणी सुरू झाली, की आई शेतावर जाते, आणि मूल घरी राहते. मुलगी असेल तर आधी राहते. वाहनाची तरतूद कागदावर आहे, पण वाहन मुख्य रस्त्यापर्यंतच येणार. हे सगळे केंद्रप्रमुखाला पाठ असते. नमुन्यात त्याला जागा नसते.

विशेष म्हणजे कायद्याला हे ठाऊक आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१०पासून. पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर ही मर्यादा सर्वांच्या तोंडी आहे. परंतु केंद्राच्या २०१०च्या नियमांतच असेही म्हटले आहे, की जेथे वाट दुर्गम आहे, पुराची भीती आहे, रस्ते नाहीत आणि लहान मुलांना धोका संभवतो, तेथे ही मर्यादा कमी करून शाळा ठेवावी. नियमाने धोका मोजला, तक्त्याने किलोमीटर मोजले. गडचिरोलीत तर, जो जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून निघाला, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो; तेथे सरासरी अंतर काढण्याला काय अर्थ आहे?

शिक्षणप्रमुखांना प्रदेशभेद कळतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उर्वरित राज्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि विदर्भात, येथल्या उन्हामुळे, महिन्याच्या अखेरीकडे. ही सवलत वर्षानुवर्षे त्याच कार्यालयाच्या परिपत्रकातून मिळत आली आहे. सूर्य सर्वांनाच दिसतो, म्हणून असेल. तरी २०२५ साली राज्यभर एकच वेळापत्रक लावून पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे ठरले, आणि चंद्रपूरच्या एप्रिलात कौलाच्या-पत्र्याच्या वर्गांत मुले पेपर लिहायला बसवायची पाळी आली. जूनमधली सवलत देणाऱ्या हाताला एप्रिलमधली गरज का जाणवू नये, याचे उत्तर मला एवढेच सुचते, की जूनची सवलत जुन्या परिपत्रकाची नक्कल करून मिळते, आणि एप्रिलची कोणीतरी खालून मागावी लागते.

मागणार कोण, हाही प्रश्न आहे. शिक्षणाधिकारी हा दोन धन्यांचा चाकर: शिस्त आणि तैनाती खात्याकडे, रोजचा कारभार जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. लोकांच्या वतीने बोलायला जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असे. परंतु २०२२ साली मुदती संपल्या आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. त्यामुळे समूह शाळांचे पत्र आले तेव्हा ते वाचून ‘आमच्याकडे हे चालणार नाही’ असा ठराव करण्यासाठी सभागृहात निवडून आलेले कोणीच नव्हते. उरली शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या समित्यांनी आणि ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, शिक्षक संघटनांनी ओरड केली, आणि शाळा बंद करण्याचा विचार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. उत्तर पोचले खरे, पण कार्यालयाच्या दारातून नव्हे, वर्तमानपत्रांच्या खिडकीतून.

गडचिरोलीच्या अरण्यात खालून आलेल्या उत्तराचा एक वेगळा नमुना आहे. लोकबिरादरी प्रकल्पाने हेमलकशाला १९७६ साली शाळा काढली, तेव्हा माडिया मुलांना मराठीच परकी होती, आणि शिक्षकांना आधी मुलांची भाषा शिकावी लागली. ती शाळा खात्याने मान्य केली, वाढू दिली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली आणखी पुढचे पाऊल टाकले: गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा, गोटुल या पारंपरिक युवागृहाच्या नावाने, सरकारच्या अनुदानाविना. २०२२ साली जिल्हा परिषदेने तिला अनधिकृत ठरवून नोटीस बजावली, आणि मामला न्यायालयात गेला. नोटिशीला आधार शिक्षणहक्क कायद्याच्या मान्यतेविषयीच्या कलमाचा होता. त्याच कायद्याचे एकोणतिसावे कलम सांगते, की शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी. मान्यतेच्या कलमाविषयी ‘अनधिकृत शाळांची माहिती’ असा तक्ता शिक्षणाधिकाऱ्यांकडून दरवर्षी मागवला जातो, त्याला मुदत असते, स्मरणपत्रे असतात, विलंबाला खुलासा असतो. एकोणतिसाव्या कलमाचे काय झाले, असे विचारणारे पत्र मात्र गडचिरोलीच्या दफ्तरात शोधावे लागेल.