दाब किती, पाणी किती? देखभाल व्यवसायासाठी प्रेशर वॉशरची निवड

पावसाळा ओसरला की रायपूर शहरातील कुंपणाच्या भिंतींवर आणि गच्चीच्या कठड्यांवर शेवाळाचे काळपट-हिरवे पट्टे उमटलेले दिसतात. शहराच्या उत्तरेकडे उरला, सिलतरा आणि भनपुरी या औद्योगिक पट्ट्यात स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. त्यांच्या धुराची काजळी कितीतरी घरांच्या गच्च्यांवर अंगठ्याने पुसून पाहता येते. नवा रायपूरमध्ये काचेच्या दर्शनी भागांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आजूबाजूला भाताच्या गिरण्या आहेत, आणि टाटीबंधच्या चौकातून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. हे सारे कोणीतरी धुवायला हवे. पूर्वी घरमालक झाडू आणि बादली घेऊन जे काम करवून घेत, ते आता ठेक्याने देण्याची पद्धत रूढ होत आहे. दोन-चार माणसांच्या बळावर देखभाल आणि स्वच्छतेचा व्यवसाय उभारणाऱ्यांना यात चांगली संधी आहे.

या व्यवसायातील पहिली मोठी खरेदी म्हणजे प्रेशर वॉशर, म्हणजेच उच्च दाबाने पाणी फवारणारे यंत्र. युरोपातील पहिले गरम पाण्याचे असे यंत्र जर्मनीतील कार्चर कंपनीने १९५० साली बनवले. आज बाजारात काही हजारांपासून काही लाखांपर्यंत किमतीची यंत्रे मिळतात आणि नवख्याचा गोंधळ येथेच होतो. स्वस्त यंत्र घेतले तर ते वर्षभरात थकते. गरजेपेक्षा मोठे घेतले तर कामाच्या जागी ते चालवण्याइतकी वीज किंवा पाणी नसते. कर्जाचा हप्ता मात्र यंत्र कोपऱ्यात उभे असले तरी चुकत नाही.

दोन आकड्यांचे गणित

यंत्राच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा दाबाचा असतो. तो ‘बार’ या एककात सांगतात. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, तो मिनिटाला किंवा तासाला किती लिटर पाणी बाहेर पडते याचा. दाब मळ सुटा करतो, तर पाण्याचा प्रवाह तो वाहून नेतो. मोठे अंगण धुताना वेळ वाचतो तो प्रामुख्याने प्रवाहामुळे. केवळ दाब पाहून यंत्र घेतले, तर मळ एका जागेवरून उडून दुसऱ्या जागी बसतो आणि कामगाराचा दिवस तेथेच जातो.

या दोन आकड्यांवरून विक्रेत्याचे म्हणणे पडताळण्याची एक सोपी रीत आहे. दाब (बारमध्ये) आणि प्रवाह (मिनिटाला लिटर) यांचा गुणाकार करून त्याला ६०० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे पाण्याला मिळणारी शक्ती, किलोवॉटमध्ये. मोटरची क्षमता याहून थोडी अधिक असलीच पाहिजे, कारण काही शक्ती पंपात आणि मोटरमध्ये वाया जाते. १२० बार आणि ८ लिटर घेतले, तर उत्तर १.६ किलोवॉट येते; म्हणजे सुमारे तीन अश्वशक्तीची मोटर पुरते. १५० बार आणि १५ लिटरसाठी ते ३.७५ किलोवॉट होते आणि मोटर साडेसात अश्वशक्तीच्या आसपासची लागते. मात्र एखाद्या खोक्यावर २५० बार, १० लिटर आणि १.८ किलोवॉटची मोटर असे तिन्ही आकडे एकत्र छापलेले असतील, तर गणित ४.१७ किलोवॉट मागते. हे अशक्य आहे. अशा वेळी छापलेला दाब हा क्षणभराचा कमाल दाब असावा, कामाचा दाब नव्हे, किंवा प्रवाहाचा आकडा फुगवलेला असावा. खरेदीपूर्वी ‘कामाचा दाब किती?’ असा स्पष्ट प्रश्न विचारून त्याचे उत्तर कोटेशनवर लेखी घ्यावे.

वीज आणि पाणी

तीन अश्वशक्तीपर्यंतचे यंत्र घरातील सिंगल फेजवर, पंधरा-सोळा अँपिअरच्या सॉकेटला चालते. साडेसात अश्वशक्तीच्या यंत्राला थ्री फेज लागते. ती कारखान्यात आणि गिरणीत सहज मिळते, परंतु घरात किंवा लहान सोसायटीत बहुधा मिळत नाही. म्हणून यंत्र पाहण्याआधी आपले ग्राहक कोण असतील याची यादी करावी. घरे आणि लहान दुकाने हाच मुख्य भाग असेल, तर मोठ्या मोटरचा मोह आवरावा. उघड्या जागेतील कामासाठी पेट्रोल किंवा डिझेल इंजिनावर चालणारे यंत्र हा पर्याय आहे. मात्र इंधनाचा खर्च दरात धरावा आणि धूर कोंडेल अशा बंदिस्त जागेत ते चालवू नये. लांब वायर वापरायची असेल तर ती जाड तांब्याची घ्यावी आणि पूर्ण उलगडून वापरावी. पातळ वायरीत दाब, म्हणजे व्होल्टेज, गळतो आणि मोटर तापून जळते.

पाण्याचा हिशेब तर त्याहून कठोर आहे. मिनिटाला १५ लिटर म्हणजे तासाला ९०० लिटर. हजार लिटरची टाकी तासाभरात रिकामी होते. रायपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना, ग्राहकाकडे धुण्यासाठी इतके पाणी असेलच असे नाही. तेव्हा टाकी आणि ती वाहून नेणारी गाडी हीसुद्धा यंत्राच्या किमतीत धरावी.

येथे रायपूरची एक खास अडचण आहे. या परिसराच्या भूगर्भात चुनखडीचे थर आहेत. आसपास सिमेंटचे कारखाने आले ते याच कारणाने. त्यामुळे बोअरचे पाणी सहसा जड असते. त्यातील क्षार नोझलमध्ये, झडपांत आणि गरम पाण्याच्या यंत्रातील तापणाऱ्या नळीत थर धरतात. काचेवर सुकल्यावर ते पांढरे डाग सोडतात आणि ग्राहक ‘आधीच बरे होते’ असे म्हणतो. पाणी घेण्याच्या तोंडाशी गाळणी असलीच पाहिजे, तिची सफाई रोज व्हावी आणि क्षार काढण्याचे द्रावण यंत्रातून ठरावीक काळाने फिरवावे. काचेच्या कामाचा शेवटचा हात मृदू पाण्याने मारावा.

पंप पाहावा, रंग नव्हे

घरगुती यंत्रात बहुधा कार्बन ब्रशची वेगवान मोटर असते. ती हलकी आणि स्वस्त असते, परंतु आवाज फार करते आणि रोज चार-पाच तास चालण्यासाठी बनलेली नसते. व्यवसायासाठी इंडक्शन मोटर घ्यावी, त्यातही मिनिटाला सुमारे १,४५० फेऱ्यांची. २,८०० फेऱ्यांच्या मोटरपेक्षा ती वजनदार असते, पण पंपाची झीज कमी करते. पंपाचे डोके पितळी आणि दट्टे सिरॅमिकचे आहेत का, हे विचारावे. ऑइल सील, पॅकिंग आणि झडपांचे संच शहरातच मिळतात का, याची चौकशी दुकानदाराकडे न करता यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे करावी. सुटा भाग येण्यास तीन आठवडे लागले, तर वॉरंटीचा कागद दिवाळीच्या हंगामात काहीच कामाचा नाही.

ट्रिगर सोडल्यानंतर पाणी पंपातच फिरत राहते आणि काही मिनिटांत तापते. म्हणून मोटर आपोआप थांबण्याची सोय असलेले यंत्र पसंत करावे. तेल-ग्रीसच्या कामांसाठी गरम पाण्याचे यंत्र उपयुक्त असले तरी ते महाग असते. अशी कामे नियमित मिळू लागल्यावरच त्याचा विचार करावा.

जोर कोठे नको

नोझलचे रंग कामगारांना पाठ असावेत. लाल म्हणजे एकाच रेषेतली धार, पिवळा १५ अंश, हिरवा २५ अंश, पांढरा ४० अंशांचा पंखा आणि काळा साबणासाठी. लाल नोझल जुन्या चुन्याच्या भिंतीवर किंवा रंगवलेल्या दारावर वापरले, तर मळासोबत पृष्ठभागही निघून जातो आणि भरपाई ठेकेदाराच्या खिशातून जाते. सौर पॅनल उच्च दाबाने धुऊ नयेत. त्यांना कमी दाबाचे मृदू पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. काचेच्या इमारतींच्या सांध्यांतील सीलंटवर जवळून धार मारू नये.

सर्वांत गंभीर बाब माणसाची. ही धार त्वचा भेदून आत शिरते. वर जखम टाचणीएवढी दिसते, परंतु आत मोठी इजा झालेली असू शकते. असे घडल्यास मलमपट्टी करून थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. चष्मा, गमबूट आणि ३० मिलिअँपिअरचे ईएलसीबी हा खर्च यंत्राच्या किमतीचाच भाग मानावा.

हप्ता आणि हंगाम

दोन लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, असे उदाहरणादाखल धरू. मासिक हप्ता सुमारे ६,५५० रुपये येतो. १ लाख २० हजारांच्या कर्जासाठी तो सुमारे ३,९३० रुपये होतो. फरक महिन्याला २,६२० रुपयांचा. मोठ्या यंत्रामुळे महिन्याला तेवढी अधिक कमाई खात्रीने होणार असेल, तरच ते घ्यावे. हा हिशेब दिवाळीआधीच्या गर्दीवर मांडू नये. संततधारेच्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि पाणीटंचाईच्या मे महिन्यात किती दिवस काम मिळेल, त्यावर मांडावा.

भांडवलासाठी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना लहान उद्योजकाला सोयीची आहे. ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ अशा तिच्या श्रेणी आहेत. या कर्जांना तारण लागत नाही. अर्जासोबत यंत्राचे कोटेशन, १ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी आणि दोन-तीन संभाव्य ग्राहकांची पत्रे जोडल्यास प्रस्ताव बळकट होतो. उद्यम नोंदणीचा आणखी एक लाभ आहे. एमएसएमई विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे देयक लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. कारखान्याकडून येणे थकले, तर हे कलम लक्षात ठेवावे.

शक्य असल्यास खरेदीपूर्वी तसेच यंत्र आठवडाभर भाड्याने घ्यावे. आपल्याच ग्राहकाच्या गच्चीवर, त्याच्याच विजेवर आणि त्याच्याच पाण्यावर ते चालवून पाहावे. किती चौरस फूट जागा तासात निघाली आणि किती पाणी गेले, हे वहीत टिपावे. ती वही घेऊन शाखेत येणाऱ्या अर्जदाराशी बोलताना शाखाधिकाऱ्यालाही फारसे प्रश्न विचारावे लागत नाहीत.