गोदावरीचे पाणी अरबी समुद्रात

फेब्रुवारी संपत आला की हवामान खाते मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करते. त्यात कोकण आणि गोव्याच्या तापमानाबद्दल काही आले, की मराठवाड्यातले वाचक दोन प्रश्न विचारतात. समुद्र उशाशी असताना कोकणात उष्णतेची लाट येते कशी? आणि आली, तर छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याने तिकडे का बघावे?

आधी पहिला प्रश्न. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त गेले, तर उष्णतेची लाट मानतात. किनाऱ्यावर ही मर्यादा ३७ अंशांची आहे. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर तीन अंश आधीच हार मानते.

ही उष्णता बऱ्याचदा आपल्याच बाजूने जाते. मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचे वारे जोर धरतात आणि पठारावरची कोरडी हवा सह्याद्री उतरून कोकणात जाते. उतरताना तिच्यावरचा दाब वाढतो आणि दर हजार मीटरला ती जवळजवळ १० अंशांनी तापते. आपले छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच आहे. इथल्या चिकलठाण्याची ३५ अंशांची कोरडी हवा तशीच किनाऱ्यावर नेऊन उतरवली, तर केवळ उतरण्यामुळे ती ४० च्या पुढे जाईल. एरवी दुपार व्हायच्या आत समुद्रावरून खारे वारे येतात आणि पारा आवरतात. पूर्वेचा वारा जोरात असला की त्यांना वाट मिळत नाही, ते दुपार उलटल्यावर पोहोचतात. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश आणि १७ मार्च २०११ रोजी ४१.६ अंश नोंदले गेले, हे दोन्ही दिवस मार्चचेच. अशा चार-दोन दिवसांत हापूसची फळगळ होते, उरलेल्या फळांत साका हा गरातला दोष वाढतो आणि बागायतदाराचे वर्षाचे गणित कोलमडते.

हे झाले हवेचे. पण किनाऱ्याच्या अंदाजात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो समुद्राचा भाग. बातमीत त्याला बहुधा शेवटची ओळ मिळते.

एप्रिल-मेमध्ये लक्षद्वीपच्या आसपासचा अरबी समुद्र ३० अंशांच्या वर तापतो. त्या काळात जगातल्या सर्वांत उबदार समुद्रांमध्ये त्याची गणना होते. स्वच्छ आकाश, कडक ऊन आणि मंद वारा ही कारणे उघड आहेत. पण नेमका हाच कोपरा इतका का तापावा? गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. एस. सी. शेणॉय, डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९९ मध्ये याचे जे उत्तर मांडले, ते मला आपल्या समुद्रविज्ञानातले सर्वांत देखणे स्पष्टीकरण वाटते.

त्यासाठी नकाशावर गोदावरी बघावी. ती त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर आहे. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, पैठणवरून, नांदेडवरून पूर्वेला जाते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. शाळेतला भूगोल इथे थांबतो. पाणी थांबत नाही. पावसाळा सरला की भारताच्या पूर्व किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह सुरू होतो. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या सगळ्यांनी उपसागरात ओतलेले कमी खारे पाणी हा प्रवाह श्रीलंकेला वळसा घालून हिवाळ्यात अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात आणतो. त्यात सिंहाचा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा, गोदावरीचा त्यामानाने लहान. तरीही ज्या समुद्राकडे तिने पाठ फिरवली, त्याच समुद्रात तिच्या पाण्याचा काही अंश परत येतो!

हे पाणी तिथल्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा त्याचा पातळ थर वर राहतो आणि खालच्या जड पाण्यात सहजी मिसळत नाही. त्याच हिवाळ्यात किनाऱ्यालगत पुढे सरकणाऱ्या महाकाय, मंद लाटा या भागातली समुद्राची पातळी किंचित उचलतात आणि खालचे थंड पाणी आणखी खोल ढकलतात. मग मार्चचे ऊन पडते. त्याची उष्णता खोलवर वाटली न जाता वरच्या थरातच साठत जाते. मेमधल्या तापलेल्या समुद्राची तयारी अशी आदल्या पावसाळ्यातच सुरू झालेली असते.

या स्पष्टीकरणावर पुढे चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये संगणकीय प्रारूप वापरून पश्चिम घाटाच्या आडोशाने मंदावणाऱ्या वाऱ्याला अधिक महत्त्व दिले. वारा मंद असला की बाष्पीभवन कमी होते आणि समुद्राची उष्णता कमी निसटते. कोणत्या कारणाचा वाटा किती, हा वाद विज्ञानाच्या निकोप प्रकृतीचाच आहे. पण समुद्राचे तापमान समजण्यासाठी त्याचा खारेपणा आणि त्याचे प्रवाहही मोजावे लागतात, हा आग्रह शेट्ये यांच्या गटाने वर्षानुवर्षे धरला. शेट्ये यांना १९९२ चा भटनागर पुरस्कार मिळाला, पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. तरी मॉन्सूनवर दरवर्षी रकानेच्या रकाने भरून छापणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांत त्यांचे नाव क्वचितच दिसते. ते पाठ्यपुस्तकात असायला हवे.

कारण या तापलेल्या पाण्याची किंमत किनाऱ्याला मोजावी लागते. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार पाणी लागते. मेमध्ये ते इथे मुबलक असते. मे २०२१ मधले तौक्ते लक्षद्वीपजवळच जन्मले, कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात धडकले. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली.

म्हणून वसंतातला अंदाज नीट वाचायला हवा. ‘यंदा कोकण होरपळणार’ असे हवामान खाते म्हणत नाही. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके आणि सरासरीपेक्षा जास्त अशा तीन शक्यतांना ते टक्के देते. काहीच माहिती नसती तर प्रत्येकीला ३३ टक्के मिळाले असते. जास्त तापमानाला ५५ टक्के दिले, तर पारडे झुकले एवढाच त्याचा अर्थ. तोही तीन महिन्यांच्या सरासरीचा, अमुक एका दुपारचा नव्हे. मार्चमध्येच ‘एल निनो येतोय’ असे ठणकावून सांगणाऱ्या मथळ्यांपासूनही सावध राहावे. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचे तापणे, आणि त्या महासागराचे अंदाज वसंत ऋतूत सर्वांत डळमळीत असतात, ही जगभरच्या प्रारूपांची जुनी अडचण आहे.

आता दुसरा प्रश्न. मराठवाड्याने तिकडे का बघावे? फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपिटीने उभी पिके झोपवली, ती कुणीही विसरलेले नाही. उत्तरेकडून आलेल्या वरच्या थरातल्या थंड हवेला खालून जे बाष्प मिळते, ते दोन्ही बाजूंच्या समुद्रांवरून येते. आपल्या खरिपाचा बराचसा पाऊसही अरबी समुद्रावरूनच येतो. पठाराने कोकणाला कोरडी उष्ण हवा द्यायची, समुद्राने पठाराला बाष्प द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

तो मोजण्याची साधने आज आपल्याकडे आहेत. अरबी समुद्रात सोडलेले आर्गो तरंगक दोन किलोमीटर खोलीपर्यंतचे तापमान आणि खारेपणा टिपून साधारण दर दहा दिवसांनी उपग्रहाला कळवतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था ती माहिती सर्वांना खुली ठेवते. मराठी वृत्तपत्रांनी मार्चपासून रोजच्या कमाल-किमान तापमानाशेजारी समुद्राच्या तापमानासाठी एक चौकट राखावी. धरणांचे टक्के वाचायला आपण शिकलो तसे हेही शिकू, आणि जायकवाडी धरण भरेल का, या आपल्या लाडक्या प्रश्नाची चर्चा जूनपर्यंत न थांबता मार्चपासून अधिक जाणतेपणाने करू.