हवाई अंतर आणि प्रवासकाल

‘अमुक गाव किती दूर आहे?’ या प्रश्नास मराठीत दोन प्रकारची उत्तरे मिळतात : ‘शंभर किलोमीटरांवर’ आणि ‘तीन तासांवर’. ‘वर’ हे एकच शब्दयोगी अव्यय दोन्हीकडे येते. त्यामुळे ही दोन मापे परस्परांच्या जागी वापरता येतात, असा समज सहज होतो. तो कितपत खरा आहे, हे नांदेड व अमृतसर येथील विमानतळांच्या उदाहरणावरून पाहता येईल.

नांदेडचा विमानतळ उत्तर अक्षांश १९.१८ व पूर्व रेखांश ७७.३२ अंशांवर, तर अमृतसरचा ३१.७१ व ७४.८० अंशांवर आहे. पृथ्वी गोल मानून या दोन बिंदूंना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताचा कंस काढल्यास तो सुमारे १२.७३ अंशांचा भरतो. एका अंशास १११.२ किलोमीटर धरता हवाई अंतर सुमारे १,४१५ किलोमीटर येते. हे अंतर वाहनावर अवलंबून नाही.

प्रवासकालाचे तसे नाही. ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाच्या विमानास हे अंतर कापण्यास पावणेदोन तास लागतील. आरोहण, अवरोहण व धावपट्टीवरील चाल यांसाठी अर्धा तास मिळवला म्हणजे सव्वादोन तास होतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उच्च स्तरात पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास ते साहाय्य करतात, परतणाऱ्यास विरोध करतात. येथील मार्ग बहुतांशी दक्षिणोत्तर असल्याने ते बाजूने लागतात व जाण्यायेण्याच्या काळात फरक थोडाच पडतो. डिसेंबर २०१७ मध्ये या मार्गावर विमानसेवा सुरू झाली. तत्पूर्वी हुजूर साहिबच्या यात्रेकरूंचा मुख्य आधार असलेल्या सचखंड एक्सप्रेसचा मार्ग दोन हजार किलोमीटरांहून अधिक असून तिला सुमारे दीड दिवस लागतो. स्थळे तीच, परंतु काळात सुमारे पंधरापट अंतर.

याउलट नांदेड व लातूर यांच्यामधील सरळ अंतर केवळ सुमारे एकशे पंधरा किलोमीटर आहे. तरीही रेल्वेने जाणाऱ्यास पूर्णा, परभणी, परळी असा मोठा वळसा पडतो. पूर्वी तर नांदेड हे हैदराबाद–मनमाड या मीटरमापी मार्गावर होते, आणि लातूर कुर्डुवाडी, पंढरपूर व मिरजेकडे जाणाऱ्या अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वेवर. नकाशावर शेजारी असलेल्या या दोन गावांची तोंडे प्रवासाच्या दृष्टीने भिन्न दिशांना होती.

बोलीभूगोलाच्या अभ्यासकास हा भेद महत्त्वाचा आहे. नॉर्वेतील बोलींविषयी शार्लोट गोस्केन्स यांनी २००४ मध्ये असे दाखविले की, बोलींमधील भिन्नतेचा उलगडा सरळ अंतरापेक्षा इ. स. १९०० च्या सुमाराच्या प्रवासकालाने अधिक चांगला होतो. बोली संपर्काने जवळ येतात, आणि संपर्क मार्गाने घडतो. मराठवाड्यातील बोलींची पाहणी करताना गावांमधील अंतर केवळ नकाशावरून मोजले, तर निष्कर्ष मुळातच सदोष ठरण्याचा संभव आहे. म्हणून ‘अंतर’ हा शब्द योजताना ते स्थलाचे की कालाचे, आणि कालाचे असल्यास कोणत्या काळातील व कोणत्या वाहनाचे, हे प्रथमच नमूद करणे अवश्य आहे.