काय दाबलं ते लिहा

नातवंडं सॉफ्टवेअर तपासतात म्हणजे काय करतात, असं पुष्कळ जण विचारतात. थेराक-२५ चं उदाहरण घ्या. कॅन्सरवर किरणं देणारं हे कॅनडाचं यंत्र. १९८५ ते १९८७ मध्ये त्याने सहा जणांना भलताच जास्त डोस दिला, काही दगावले. अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर गावी पडद्यावर नुसतं 'मालफंक्शन ५४' आलं. कंपनीला दोष सापडेना. तेव्हा तिथल्या ऑपरेटरबाई आणि फिजिसिस्ट यांनी तीच बटणं, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. चुकलेलं अक्षर आठ सेकंदांच्या आत सुधारलं की बिघाड हजर! सावकाश टाइप करणाऱ्याला तो दिसतच नव्हता. म्हणून टेस्टरने रोज काम करणाऱ्यासारखं भरभर वापरून पाहायचं, आणि काय दाबलं, कधी दाबलं ते तिथल्या तिथे लिहायचं, आम्ही वॉर्डात चार्ट भरायचो तसं. 'मशीन बिघडलं' एवढ्यावरून दुरुस्त करणारा काय शोधणार?