अर्जुनाची साल आणि हृदयाचे दुखणे

श्रोतेहो, नदी-ओढ्याकाठी राहणाऱ्याला अर्जुनाचे झाड नवे नाही. उंच बुंधा, गुळगुळीत पांढुरकी साल आणि पाच पंखांची फळे. कोणी त्याला अर्जुनसादडा म्हणतात. 'अर्जुन' या शब्दाचा अर्थच पांढरा. हिरडा, बेहडा, ऐन हे सारे त्याचे भाऊबंद. त्यातल्या ऐनाची साल मात्र काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. साल आणायला जाल तेव्हा एवढी खूण ध्यानात ठेवा.

हृदयाच्या दुखण्यावर ही साल फार जुन्या काळापासून वापरात आहे. अकराव्या शतकातले बंगालचे वैद्य चक्रपाणिदत्त यांनी हृद्रोगात तिने सिद्ध केलेले दूध सांगितले. यालाच क्षीरपाक म्हणतात. तो करायचा कसा? सालीची भरड १ भाग, दूध ८ भाग आणि पाणी ३२ भाग घेऊन मंद आचेवर ठेवायचे. पाणी आटून दूध तेवढे उरले की गाळून घ्यायचे. किती आणि किती दिवस घ्यायचे, ते वैद्यांनी प्रकृती पाहून ठरवावे.

आता नव्या शास्त्राचे म्हणणे ऐका. १९९५ साली हृदय फार दुर्बळ झालेल्या १२ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर सालीचा अर्क दिला, तेव्हा त्यांना उतार पडलेला दिसला. पण बारा माणसे म्हणजे काही फार नव्हेत. पुढे २०१६ साली अधिक मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत १२ आठवडे अर्क देऊनही हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती वाढलेली आढळली नाही. तेव्हा सालीला टाकाऊ म्हणू नये, तसेच रामबाणही म्हणू नये.

खरा धोका पुढेच आहे. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, दरदरून घाम फुटतो. अशा वेळी घरात कोणी म्हणतं, "थांबा, काढा देऊन बघू." हे थांबणंच जिवावर बेततं! हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने तुंबलेली असते, आणि रक्तावाचून तिथला स्नायू घटकेघटकेला मरत असतो. ती गुठळी काढ्याने निघत नाही. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि इस्पितळ गाठा. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय साल घेऊ नये. आणि चालू गोळ्या तर आपल्या मनाने मुळीच सोडू नयेत.

शिक्षकबंधूंना एक विनंती. मुलांना हे झाड दाखवा आणि एवढे जरूर सांगा: साल काढायची ती मोठ्या झाडाची, एका बाजूने, वरवरची. बुंध्याभोवती पूर्ण कडे सोलले, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळते. औषध हवे असेल, तर आधी झाड जगले पाहिजे.